ऐकणाऱ्याची खुर्ची

१

मुलुंडमध्ये वाढलेल्या माणसाला ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओळख करून द्यावी लागत नाही. चेकनाका ओलांडला की ठाणे. आमच्या लहानपणी 'ठाण्याला जाणे' याचे दोन अर्थ होते. आत्या तिथे राहायची, तिच्याकडे जाणे हा एक. दुसरा अर्थ चाळीतल्या भांडणात निघायचा : 'ह्याला ठाण्याला पोचवा रे कुणीतरी!' १९०१ सालापासून उभ्या असलेल्या त्या रुग्णालयामुळे एका गावाचे नाव टोमणा होऊन बसले होते. पुण्याकडचे लोक तोच टोमणा येरवड्याच्या नावाने मारत. त्या भिंतीआड कोण जाते, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. त्या माणसाचे ऐकायला समोर कोण बसते, याची फारशी झाली नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

प्रश्न मला घरातूनच मिळाला. वीसएक वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची झोप गेली. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने तेव्हा एकेक करून बंद पडत होते, त्यात त्याचाही गेला. रात्री दोनला उठून तो गॅलरीत बसून राहायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. मी सोबत जायचो, बाहेरच्या बाकावर बसायचो. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या वेळी तो निघालाच नाही. कारण विचारले तर म्हणाला, 'दादा, बाई चांगल्या आहेत. पण त्यांनी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? मग मला पुढे बोलताच येईना.'

मराठी वाचकाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नसावी. आम्ही सातारा जिल्ह्यातले, बौद्ध. आमच्या आडनावावरून जात कळत नाही. म्हणून पुढचा प्रश्न गावाचा येतो आणि त्याच्या पुढचा वस्तीचा. भावाने हा प्रश्न शाळेत, कारखान्यात, भाड्याची खोली शोधताना इतक्यांदा ऐकला होता, की तो कुठल्या हेतूने आला हे तपासायची उसंत त्याच्या मनाने घेतली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मानसशास्त्रीय पूर्वेतिहासाचा छापील नमुना माझ्या पाहण्यात आला. त्यात मूळ गाव, मातृभाषा, धर्म असे रकाने असतात. बाई बहुधा फक्त रकाना भरत होत्या. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. भावाचे चुकले असेही म्हणणार नाही. पण एका साध्या रकान्याने एका माणसाचा उपचार थांबला, हे खरे आहे. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो. मी मानसशास्त्र कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. जे काही आहे ते ग्रंथालयातून, सरकारी कागदांतून आणि माणसांना विचारून गोळा केलेले आहे.

२

आधी संख्या पाहू, कारण या विषयावर बोलणारा प्रत्येक जण संख्येपासून सुरुवात करतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशाला १७,२५० चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची गरज होती आणि उपलब्ध होते ८९८. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर हवे होते १३,५००, होते ३,८००च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या अहवालात भारतातील मानसशास्त्रज्ञांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे ०.०७ असे दिले आहे. म्हणजे सुमारे चौदा लाखांना एक. एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ९३ लाखांच्या वर होती. त्या हिशेबाने अख्ख्या उपनगराच्या वाट्याला सातही येत नाहीत. प्रत्यक्षात मुंबईत त्याहून कितीतरी अधिक आहेत, याचा अर्थ कुठेतरी संपूर्ण जिल्हे रिकामे आहेत.

या आकड्यांत 'किती' आहे, 'कोण' नाही. ते ८९८ जण कोणत्या घरांतून आले, कोणत्या भाषेत वाढले, त्यांच्यात आदिवासी किती, भटके-विमुक्त किती, मुसलमान किती, स्वतः अपंगत्व घेऊन जगणारे किती, असे रकानेच त्या उत्तरात नाहीत. रुग्णाच्या नमुन्यात मूळ गाव आणि धर्म विचारणारी व्यवस्था स्वतःबद्दल तेच प्रश्न विचारत नाही.

'कोण' याचे उत्तर शोधायचे तर नोकरीच्या मुलाखतीपाशी पोचण्याआधी प्रवेशाचे दार पाहावे लागते. ते दार कायद्याने आखलेले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. या परिषदेची मान्यता आणि नोंदणी असल्याशिवाय 'चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ' म्हणून काम करता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही व्याख्या तीच धरून चालते : मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह एम.फिल. ही अट वैद्यकीयदृष्ट्या रास्तच आहे. माणसाच्या मनाशी काम करणाऱ्याने दोन वर्षे कुणाच्या तरी नजरेखाली शिकावे, यात गैर काही नाही.

पण तेच दार रिक्षावाल्याच्या मुलीच्या बाजूने पाहावे. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीमुळे मला ते पाहता आले. मराठी माध्यमातून शिकली, एम.ए.ला चांगले गुण. पुढे काय? बारावीनंतर पाच वर्षे झालेली, आणखी दोन वर्षे पूर्णवेळ, म्हणजे नोकरी करायची नाही. एका संस्थेत मोजक्या जागा. काही शासकीय संस्थांत विद्यावेतन मिळते, तिथे देशभरातून झुंबड; खाजगी ठिकाणी उलट शुल्क भरायचे. प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. दोन वर्षे तिने प्रयत्न केला. एका मुलाखतीत तिला तिचे अनुभव सांगायला सांगितले. 'काका, अनुभव मराठीत आहेत ना,' ती मला म्हणाली, 'इंग्रजीत सांगायला लागले की ते दुसऱ्याच कुणाचे वाटतात.' आता ती एका शाळेत कंत्राटी समुपदेशक आहे. राखीव जागांचा नियम होता, गुणांची सवलतही होती. दोन वर्षांच्या घरखर्चाला सवलत नव्हती.

३

हा अंक वाङ्मयाचा आहे, तेव्हा एक प्रश्न वाङ्मयालाही विचारू. मराठीने मनाबद्दल कमी लिहिलेले नाही. रामदासांनी मनालाच समोर बसवून २०५ श्लोक लिहिले. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंनी मनाच्या चंचलपणावर रचलेली कविता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण या साहित्यात 'मनाचे ऐकणारा' म्हणून कोण येतो?

जयवंत दळवींच्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून 'बॅरिस्टर' हे नाटक आले. वाड्यात वेडाचा वारसा आहे; बाप, भाऊ त्यात गेले आणि आता आपली पाळी, या भीतीच्या सावलीत बॅरिस्टर जगतो. नाटकातली माणसे सुशिक्षित आहेत, विलायत पाहिलेली आहेत. तरीही या भीतीचे ऐकून घेणारा तिथे कुणी नाही. वाडाच सगळे गिळून टाकतो. आपल्या वरच्या मध्यमवर्गानेही मनाच्या दुखण्याला किती काळ घरातच कोंडून ठेवले, याचा हा पुरावा आहे. म्हणजे न बोलणे ही काही एका थराची मिरासदारी नाही.

दुसरे पुस्तक दया पवारांचे 'बलुतं', १९७८चे. दलित आत्मकथनांचा आरंभ म्हणून त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या बांधणीकडे मात्र मी वेगळ्या कारणाने पुन्हा पुन्हा वळतो. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच आहेत. समीक्षकांनी यात दुभंगलेले व्यक्तिमत्त्व पाहिले, गावकुसाबाहेरचा दगडू आणि पांढरपेशा वस्तीतला दया. ते बरोबरच आहे. पण मला तिथे एक खोली दिसते. एक जण सांगतो आहे, दुसरा ऐकतो आहे. सांगणाऱ्याला लाज वाटते, तो अडखळतो, पुन्हा मागे जातो. ऐकणारा उपदेश करत नाही. ज्याला आपले सांगण्याजोगा तिसरा माणूस मिळाला नाही, त्याने स्वतःचेच दोन करून त्यातल्या एकाला ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवले. 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या', 'आयदान' ही पुढची पुस्तके वाचतानाही मला हेच वाटत राहते : यांतले किती तरी साहित्य म्हणून येण्याआधी कुणाला तरी सांगायला हवे होते, आणि सांगायला कुणी नव्हते. त्यामुळे आपल्या साहित्याचे भले झाले. त्या माणसांचे झाले का, हा वेगळा प्रश्न आहे.

तिसरे उदाहरण चित्रपटाचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई', 'अस्तु', 'कासव' या चित्रपटांतून स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, नैराश्य हे विषय ज्या संयमाने मांडले, तसे भारतीय चित्रपटात क्वचितच घडले असेल. 'कासव'ला २०१६चे सुवर्णकमळ मिळाले. त्यात आत्महत्येच्या उंबरठ्यावरून परतलेल्या तरुणाला जानकी आपल्या घरी नेते. ती त्याला सांभाळू शकते, कारण ती स्वतः अशाच एका अंधारातून आलेली आहे. चित्रपटात डॉ. मोहन आगाशे आहेत. प्रत्यक्षात ते मानसोपचारतज्ज्ञ आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे माजी संचालक. चित्रपटात कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ. बरे करण्याचे काम जानकी, गाडीचा चालक आणि एक अनाथासारखा वाढणारा पोरगा करतात. दिग्दर्शकांनी जे ओळखले ते महत्त्वाचे आहे : भोगलेला माणूस उपचाराचा भाग होऊ शकतो. पण जानकीपाशी घर आहे, गाडी आहे, सवड आहे. तिच्याइतकेच सोसलेली, पण महिन्याच्या पगारावर जगणारी बाई ऐकणाऱ्याच्या जागी कशी यावी, हे सांगायचे काम चित्रपटाचे नव्हते. ते व्यवसायाचे आहे.

४

व्यवसायाला हे कळलेच नाही असे नाही. निम्मे फार लवकर कळले होते. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे रूपांतर केले आणि त्यावरचा निबंध १९३४मध्ये इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला. सीमाभागातल्या दोन भाषांमधून घडलेली ही 'बिने-कामत कसोटी' नंतर देशभर वापरली गेली. पुढे नागपूरमध्ये डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या कसोटीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले, १९६९मध्ये. परक्या देशातल्या मुलाला विचारलेला प्रश्न आपल्या मुलाला तसाच विचारला तर उत्तर चुकते आणि चूक मुलाची धरली जाते, हे या दोघांनी ओळखले होते. त्यांनी प्रश्न बदलले. प्रश्न विचारणारा मात्र पूर्वी जिथून यायचा तिथूनच येत राहिला.

भाषेचा मुद्दा वरवरचा नाही. पुस्तकातले मराठी म्हणते 'नैराश्य', 'चिंताविकृती', 'भावनिक ताण'. आमच्या वस्तीतली बाई म्हणते 'कशात जीव लागत नाही', 'डोक्यात मुंग्या येतात', 'काळीज उडतं', 'अंग मोडून येतं', 'बाहेरचं काहीतरी असेल'. विदर्भातली वेगळे म्हणते, कोकणातली वेगळे, आणि नॅशनल पार्कच्या उतारावरच्या पाड्यांतली आणखी वेगळे. 'जीव लागत नाही' या तीन शब्दांत भूक, झोप, माया आणि जगण्याची इच्छा एवढे सगळे येते. हे ज्याने घरात ऐकले आहे त्याला लगेच कळते. बाकीच्यांना शिकावे लागते, आणि शिकता येते. पण शिकवणारा कुणी तरी त्या खोलीत असावा लागतो. मी पाहिलेल्या नोकरीच्या जाहिरातींत 'उत्तम इंग्रजी आवश्यक' आणि 'मराठी येत असल्यास प्राधान्य' असा क्रम असतो. ज्या शहरात रुग्ण मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ बोलतो तिथे आवश्यक काय आणि प्राधान्याचे काय, हे उलटे झालेले आहे.

५

हा वाद आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून त्यांची पसंती विचारली. बरीच काळी मुले गोरी बाहुली चांगली म्हणत. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनाला होणारी इजा त्यातून दिसली आणि १९५४च्या ब्राउन खटल्याच्या निकालात या प्रयोगांचा आधार घेतला गेला. मानसशास्त्र अमेरिकेत त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ शिकवले जात होते. हा प्रश्न असा मांडायला मात्र काळ्या मुलांमध्ये वाढलेली दोन माणसे त्या शास्त्रात यावी लागली. १९६८मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची संघटना काढली. १९७१मध्ये केनेथ क्लार्क मुख्य राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. भारतीय चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची संघटनाही १९६८चीच.

ब्रिटनचा धडा वेगळा आहे. तिथे चिकित्सा-मानसशास्त्राचे प्रशिक्षणार्थी सरकारी आरोग्यसेवेचे पगारी नोकर असतात. तीन वर्षे शिकतानाही पगार मिळतो. तरीही हा व्यवसाय प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांचाच राहिला. कारण प्रवेशाआधी 'अनुभव' लागतो आणि तो अनुभव बऱ्याचदा बिनपगारी किंवा अपुऱ्या पगाराच्या कामातून मिळतो. ज्याला घरून आधार आहे तो एक वर्ष फुकट काम करू शकतो. म्हणजे एका दाराची अट काढली तर ती आधीच्या दारावर जाऊन बसते. आपण इथे नवे दार बसवताना हे ध्यानात ठेवायला हवे.

६

आता आपल्याच मातीतले उदाहरण. १९८६मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट, अनिल अवचट, आणि पाठीशी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे, हा इतिहास या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. व्यसनातून बाहेर आलेले रुग्णच तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. 'भरती' या रुक्ष शब्दाचा एवढा सुंदर अर्थ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ज्याला आपण समाजातून बाद करतो, त्याच्या बाद होण्याच्या अनुभवालाच इथे पात्रता मानले.

गोव्यात १९९६मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ'ने हेच शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या २४ दवाखान्यांत सुमारे २,८०० रुग्णांबरोबर केलेला अभ्यास २०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांमुळे सरकारी दवाखान्यांत नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' प्रकल्प गावातल्याच माणसांच्या बळावर चालवला. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारने २०१५मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प आणला, त्यात घरोघर जाण्याचे काम आशाताईंचे. पुण्याच्या वस्त्यांत 'बापू ट्रस्ट'चे काम असेच वस्तीच्या आधाराने उभे राहिले.

म्हणजे विविधता आहेच. ग्रामीण, आदिवासी, दलित, कमी शिकलेल्या, स्वतः भोगलेल्या माणसांनी हे काम करून दाखवले आहे. माझा आक्षेप पुढे सुरू होतो. ही सगळी माणसे सर्वांत खालच्या पायरीवर आहेत. त्यांना आपण 'मित्र', 'ताई', 'स्वयंसेवक' म्हणतो. मानधन देतो, पगार देत नाही. दहा वर्षे शेकडो घरांतले दुःख ऐकलेल्या आशाताईला तिचा तो अनुभव कुठल्याही प्रवेशपरीक्षेत एका गुणाचा होत नाही. वरच्या पायरीवर नोंदणीकृत तज्ज्ञ, खालच्या पायरीवर वस्तीतला माणूस, आणि दोघांच्या मध्ये जिना नाही. गावगाड्यात काम करणारा वेगळा आणि मान मिळणारा वेगळा असायचा. आरोग्यसेवेत तेच नव्या नावाने घडू नये.

७

या मांडणीला दोन आक्षेप नेहमी येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला : मनाला जात नसते, चांगला मानसशास्त्रज्ञ कुणाचेही ऐकू शकतो. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. बौद्धाला बौद्ध, मुसलमानाला मुसलमान, बाईला बाई अशी वाटणी कुणी सुचवली तर मी विरोध करीन. ते मानसोपचारातले वेगळे पाणवठे होतील, आणि आमच्या आजोबांच्या पिढीने महाडला जाऊन जे मागितले ते वेगळे तळे नव्हते, तेच तळे होते. माझे म्हणणे एवढेच की, ज्या खोलीत दहा तज्ज्ञ बसून रुग्णांबद्दल चर्चा करतात, त्या दहांत वेगवेगळ्या घरांतले असावेत. त्यातला एक जरी म्हणाला असता, 'अहो, मूळ गाव पहिल्याच बैठकीत विचारू नका, आणि विचारायचेच तर का विचारतो ते आधी सांगा,' तर बाकीचे नऊ शिकले असते. माझ्या भावासमोर बसलेल्या बाई त्या नवांपैकी असत्या तरी चालले असते. लैंगिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने हे करून पाहिले आहे. त्यांच्या समुपदेशन अभ्यासक्रमात त्या समूहातलेच लोक शिकवतात आणि शिकणारे सगळ्या प्रकारचे असतात.

पहिल्या भागाबद्दल मात्र मतभेद आहे. जात ही मूलतः मनात वसणारी गोष्ट आहे, अशा अर्थाचे बाबासाहेबांनी १९३६मध्येच मांडले होते. जी मनात वसते ती मनाच्या शास्त्राच्या कक्षेबाहेर कशी? फेब्रुवारी २०२३मध्ये आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीत, दर्शन सोळंकी या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर समुपदेशकांची संख्या वाढवा अशी चर्चा सगळीकडे झाली. विद्यार्थी संघटनेची मागणी अधिक नेमकी होती : समुपदेशकांत अनुसूचित जाती-जमातींचेही असावेत. त्या मुलांना 'किती' आणि 'कोण' यांतला फरक कळला होता.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. अटी सैल केल्या तर रुग्णाचे नुकसान होईल. मी अटी सैल करा म्हणतच नाही. दोन वर्षांचे प्रशिक्षण राहू द्या, देखरेख राहू द्या. फक्त गुणवत्तेत काय मोजायचे ते पुन्हा ठरवा. रुग्ण दुसऱ्या बैठकीनंतर परत येतो की नाही, हीसुद्धा गुणवत्ता आहे. २०१७च्या कायद्याचे १८वे कलम प्रत्येकाला जात, वर्ग, धर्म, लिंग, लैंगिकता, अपंगत्व यांवरून भेदभाव न होता आणि रुग्णाला व कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीने उपचार मिळण्याचा हक्क देते. 'स्वीकारार्ह' हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. आणि ते ठरवण्याचा अधिकार कायद्याने रुग्णाच्या बाजूला दिला आहे.

८

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच रद्द झाली. चिकित्सा-मानसशास्त्रापुरती तिला २०२५-२६पर्यंत मुदतवाढ मिळाली. म्हणजे या व्यवसायाचे दार काढून नवे बसवले जात आहे. चौकट बसवली जात असतानाच तिची रुंदी बदलता येते, नंतर भिंत फोडावी लागते.

काय करावे, याची माझ्यासारख्या अनधिकृत अभ्यासकाची यादी लहान आहे. प्रशिक्षणाची प्रत्येक जागा, शासकीय असो वा खाजगी, विद्यावेतनाची असावी. राखीव जागा कागदावर भरण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. आशाताई, व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते, शाळांतले कंत्राटी समुपदेशक यांच्या कामाची वर्षे प्रवेशासाठी मोजली जावीत आणि त्यांना नोकरी न सोडता टप्प्याटप्प्याने वर जाता यावे. प्रवेशपरीक्षा, रुग्णवृत्त आणि प्रबंध मराठीतही लिहिता यावेत. त्याशिवाय 'जीव लागत नाही' या शब्दांवर कुणी प्रबंध लिहिणार नाही. सरकारी मनोरुग्णालयांतली पदे नियमित भरली जावीत, कारण गरिबाघरच्या पदवीधराला खाजगी दवाखाना थाटता येत नाही, त्याला नोकरीच लागते. आणि नोंदणी परिषदेने दरवर्षी आपल्या सदस्यांची रचना जाहीर करावी. रुग्णाला जे रकाने भरायला लावतो, ते आपणही भरावेत.

शेजारची ती मुलगी अजून शाळेतच आहे. मधल्या सुट्टीत पोरे तिच्या खोलीबाहेर रांग लावतात, असे तिच्या आईकडून कळते. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवे होते. ती आता तिशीकडे आली आहे आणि नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहते आहे.

भावाचे सांगायचे राहिले. बाईंकडे जाणे थांबल्यावर तो दारूकडे वळला. पाच वर्षे त्यात गेली, संसार मोडता मोडता राहिला. शेवटी कुणीतरी त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी गटात नेले. तिथे एका शाळेच्या वर्गात, संध्याकाळी, लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे बसतात आणि एकेक जण बोलतो. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसलेला माणूस पूर्वी लेथवर काम करायचा. त्याने भावाला विचारले, 'कुठल्या कंपनीत होता?' भावाने कंपनीचे नाव सांगितले. मग तो दीड तास बोलत राहिला.